जुन्या ॲटलसमधलं बुव्हे बेट आणि शेजारचं ‘थॉम्पसन’

रामबागकर (इंदूर)
बाबांनी कधीकाळी रद्दीतून घेतलेला ॲटलस काल माळ्यावरून काढला. दक्षिण अटलांटिकच्या पानावर, पार खाली, मोहरीएवढी दोन टिंबं आहेत, बुव्हे आणि थॉम्पसन. थॉम्पसनभोवती बाबांनी पेन्सिलीने गोल करून प्रश्नचिन्ह काढलंय. भाचीच्या नव्या ॲटलसमध्ये एकटं बुव्हेच आहे. शिवणाचा दोरा लावून मोजलं तर केप टाउनपासून अडीच हजार किलोमीटर भरलं. थॉम्पसन गेलं कुठे? आणि नॉर्वेच्या बेटाला फ्रेंच नाव कसं? बाबांना विचारायचं राहून गेलं, म्हणून इथे विचारते.

होकायंत्र
ताई, थॉम्पसन कधी नव्हतंच. सीलच्या शिकारीला निघालेल्या जॉर्ज नॉरिस या कप्तानाने १८२५ मध्ये बुव्हेच्या ईशान्येला ते पाहिल्याची नोंद केली. १८९८ मध्ये ‘वाल्डिव्हिया’ या जर्मन जहाजाने बुव्हेची जागा पक्की केली, थॉम्पसन मात्र सापडलं नाही. ज्वालामुखीने बुडालं असेल म्हणावं, तर तिथे समुद्र दोन हजार मीटरहून खोल. मला तरी वाटतं, नॉरिसला हिमनगच दिसला असणार.

दर्यावर्दी, वडोदरा
नावाचं सांगतो. १ जानेवारी १७३९ ला फ्रेंच दर्यावर्दी बुव्हेला धुक्यात बर्फाचा कडा दिसला. तो समजला, दक्षिण खंडाचं टोक सापडलं! त्या दिवशीच्या ख्रिस्ती सणावरून त्याने टोकाला नावही दिलं. उतरता आलं नाही, फेरी मारता आली नाही, त्यात रेखांश चुकला. पुढे खुद्द कॅप्टन कुकला शोधूनही ते मिळालं नाही. १८०८ मध्ये लिंडसे नावाच्या कप्तानाला दिसलं, तेव्हा ते ‘लिंडसे’ झालं. नॉरिसने त्याचंच ‘लिव्हरपूल’ केलं. १९२७ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी तिथे झेंडा रोवला, पण नाव ठेवलं बुव्हेटओया. ‘ओया’ म्हणजे बेट.
क्षेत्रफळ ४९ चौरस किलोमीटर, त्यातलं ९३ टक्के हिमनद्यांखाली. वस्ती नाही. सर्वांत जवळची जमीन अंटार्क्टिका, तीही १,७०० किलोमीटरवर. तुमच्या इंदूरहून कन्याकुमारी सरळ रेषेत साधारण एवढीच.

रामबागकर
दोघांचे मनापासून आभार. नॉर्वेने बुव्हेचं नाव राखलं हे मला फार आवडलं. त्याचा रेखांश चुकला, पण धुक्यातून पहिल्यांदा पाहिलं ते त्यानेच.
बाबांचं प्रश्नचिन्ह मी खोडणार नाही. भाचीने त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘नॉरिस, १८२५’.