एचआयव्हीच्या गोळ्या नियमित चालू आहेत, तरी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायची का?

निपाणीची ताई:
वय ४३, विड्या वळते. २०११ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या चालू आहेत, खंड नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सहाशेच्या वर, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) निघत नाही. त्रास काहीच नाही. पण सेंटरवरच्या बाई म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तेव्हापासून धास्ती बसलीय. माझ्याबरोबर गोळ्या न्यायला येणारी एक बाई पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तिला अंगावरून घाण पाणी जायचं, मधेच रक्त दिसायचं, पण कुणापाशी बोलली नाही. गोळ्या घेऊनही होतो का हा? तपासणीत काय करतात? कागद कन्नडमध्ये, शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावे तर गावभर होईल.

निवृत्त स्टाफ नर्स, खानापूर:
ताई, बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे. जा.

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या वेगळ्याच विषाणूमुळे होतो. तो बहुतेक बायकांना कधी ना कधी लागतो आणि शरीर त्याला आपणहून हाकलतं. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती कमी झाली की तो ठाण मांडून बसतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एरवी कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असून उपचार नसले, तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो.

तुमच्या गोळ्यांनी धोका कमी होतो, पण संपत नाही. २०११ साली सीडी४ बराच घसरल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. निदान होताच सगळ्यांना गोळ्या हे धोरण २०१७ चं. म्हणजे त्याआधीचा काळ तुमच्या शरीरानं सोसलेला असू शकतो.

व्हीआयए तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ अॅसेटिक अॅसिड लावतात आणि पांढरे चट्टे उमटतात का ते मिनिटभरात बघतात. थोडी चुरचुर होते. एचपीव्हीची चाचणी असेल तर कापसाच्या काडीनं नमुना घेऊन लॅबला पाठवतात. एचआयव्ही असलेल्यांनी २५ व्या वर्षापासून ही चाचणी दर ३ ते ५ वर्षांनी करावी, असा सल्ला आहे. चट्टा निघाला म्हणजे कॅन्सर नव्हे. ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, तिथेच उपचार करून संपवता येते.

आणि मिसरी लावत असाल तर सोडा. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा डाग असेल तर तोही दाखवा.

बेळगाववाली:
अक्का, मी पण पॉझिटिव्ह. माझा चट्टा निघाला होता, तिथेच गरम सळईसारख्या यंत्रानं जाळला. पोटात पाळीसारखी कळ आली, त्याच दिवशी चालत घरी आले. आधी एका खासगी दवाखान्यात मला मुद्दाम शेवटी बसवलं, हातमोजे दोनदा घातले. फार लागलं मनाला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं असा भेदभाव करता येत नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचं कुणाला सांगताही येत नाही. कागद काउन्सेलरकडूनच मराठीत समजून घ्या, तो त्यांचा भागच आहे. बेळगावच्या बीम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या एआरटी सेंटरवर मराठी बोलणारं माणूस मिळतं.

चिकोडीचा:
पुरुषांसाठी एक सांगतो. मानेत, काखेत गाठ आली, ताप आणि रात्री घाम, वजन उतरलं की आपण टीबी धरून चालतो. बहुतेकदा तोच असतो, पण लिम्फोमाही (गाठींचा कॅन्सर) असतो, आणि एचआयव्हीत त्याचा धोका जास्त. माझ्या भावाची गाठ नुसती औषधं देत ठेवली होती. सुईनं पाणी काढून भागलं नाही, तुकडा काढून तपासल्यावरच कळलं. सध्या केमो आणि एआरटी दोन्ही चालू आहे.

निपाणीची ताई:
जाते. पाळीत गेलं तर चालतं का?

निवृत्त स्टाफ नर्स, खानापूर:
नको, रक्त थांबल्यावर जा. पाळी नसतानाही रक्त जात असेल, किंवा संबंधानंतर दिसत असेल, तर मात्र वाट न बघता लगेच.