चाळीतलं उघडं दार की टॉवरमधला कॅमेरा?

बाविसावा_मजला: ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यातलं एक आमचं. १६० चौरस फुटांतून थेट ५०० मध्ये. आईला घर आवडलंय, पण मी कामावर गेले की ती दिवसाढवळ्या आतून कडी लावून बसते. चाळीत असं कधी केलं नव्हतं. एका मजल्यावर वीस खोल्या, पॅसेजमध्ये तांदूळ निवडणाऱ्या तिघी-चौघी, अनोळखी माणूस दिसला की लगेच "कोण हवंय?" इथे लॉबीत कॅमेरा आहे, पण तो काही विचारत नाही. मला वाटतं, सुरक्षितता आम्ही चाळीतच ठेवून आलो.

माहेर_नायगाव: मीही बीडीडीतच वाढले, म्हणून हे गोडगोड वर्णन सहन होत नाही. संडास पॅसेजच्या टोकाला. तिथला बल्ब गेला की आठ-आठ दिवस कुणी बदलायचं नाही. रात्री जायचं तर धाकट्या भावाला उठवायचे, तो पेंगत बाहेर उभा राहायचा. आणि तुझ्या त्या तांदूळवाल्या? परका माणूस त्यांना जिन्यातच कळायचा. मजल्यावरच्याच एका काकांचा हात कुठे जातो, ते मात्र कधी दिसलं नाही. दिसलं असेल तरी बोलल्या नाहीत. मला सुरक्षित वाटलं ते घरात संडास आला तेव्हा.

बाविसावा_मजला: संडासाचं शंभर टक्के मान्य. काकांचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. आमच्याकडेही होते एक.

पार्किंगवाला: कॅमेरा नको म्हणणाऱ्यांनी बाईक चोरीला गेल्यावर फुटेज मागायला येऊ नये.

भीमनगरचा: "चाळ म्हणजे एक कुटुंब" हे ऐकलं की हसू येतं. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच बीडीडीत दलित पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. पुढे चौकशीला भस्मे आयोग नेमावा लागला. उघडं दार कुणासाठी उघडं होतं, हेही सांगा की.

जुना_गिरणगावकर: तेव्हा मी नऊ वर्षांचा. भीती आपल्या चाळीची नव्हती, समोरच्या चाळीची होती. गच्चीवरून दगड यायचे, वडील खाट उभी करून खिडकीला लावायचे. तरी बाविसाव्या मजल्याचं म्हणणं मी टाकून देणार नाही. आमच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहायची. सकाळी आठपर्यंत तिचा स्टो ऐकू आला नाही, तर कुणीतरी दार ठोठावायचं. टॉवरमध्ये दुधाच्या पिशव्या साठल्या तरी वॉचमनला वाटतं, गावाला गेले असतील. त्याचा तरी काय दोष, बारा तासांची ड्यूटी आणि दोनशे घरं.

रिटायर्ड_फिटर: चोर, काका, दंगल सगळं झालं. आगीचं कुणी बोललंच नाही! ताडदेवच्या कमला इमारतीत जानेवारी २०२२ मध्ये वरच्या मजल्यावर आग लागली, माणसं गेली. राज्यात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं. सोसायटीकडे ते मागा. रेफ्युज एरिया, म्हणजे आग लागली तर थांबायची मोकळी जागा, कुठल्या मजल्यावर आहे ते आईला चालत नेऊन दाखवा. आमच्याकडे तिथे जुने सोफे, गाद्या आणि गणपतीचं मखर ठेवलंय, हटवायला सांगितलं की मीच वाईट.

बाविसावा_मजला: रविवारी नेते. आई आज विचारत होती, सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं ठेवलं तर चालेल का. सोसायटीवाले काही म्हणतात का?

माहेर_नायगाव: काही म्हणत नाहीत, ठेवू दे. आमच्या मजल्यावर आम्ही तिघी तसंच ठेवतो. समोरच्या पोरीला मात्र सांगून ठेवलंय, माणूस ओळखीचा असला तरी ओरडायचं.