मांजर ट्रे सोडून भलतीकडेच शू करतंय? तुमचे अनुभव लिहा

मंगळवारी पहाटे साडेपाचला सासूबाईंची हाक आली, "अगं, ही गोधडी ओली कशी?" उत्तर आम्हा दोघींनाही वासावरून कळलं होतं. ही गोधडी त्यांच्या आईच्या लुगड्यांची आहे. घरातल्या चार गोष्टी जळाल्या तरी चालतील, पण हिला हात लावायचा नाही, अशातली.

गुंड्या आमचा बोका, वय ४, नसबंदीचं ऑपरेशन सहा महिन्यांचा असतानाच झालेलं. इतक्या वर्षांत ट्रेच्या बाहेर थेंब नाही. आणि आता महिन्याभरात ही सहावी वेळ. दोनदा गोधडी, दोनदा बाथरूमबाहेरचं पायपुसणं, एकदा इस्त्रीच्या कपड्यांची चळत, एकदा नवऱ्याची लॅपटॉपची बॅग. ट्रे नेहमीच्या जागी, गॅलरीत, लिटर (ट्रेमध्ये घालतात ते रेतीसारखं) तेच. (सोसायटीचं रंगकाम चालू आहे, म्हणून ट्रेवर धूळ बसते, ती मी रोज झटकते.) सासूबाई म्हणतात लाडावलाय. नवरा म्हणतो सूड घेतोय, आपण त्याला ठेवून चार दिवस गावी गेलो ना! मुलगी नुसती रडते.

तुमच्याकडे असं झालंय का? कारण काय निघालं, काय केलंत, किती दिवस लागले, सगळं लिहा. "देऊन टाका कुणाला तरी" हा सल्ला घरात फुकट मिळतो आहे, तो इथे नको.

डोंबिवलीहून

बोका आहे ना? मग बाकीचं नंतर वाचा, आधी डॉक्टर गाठा. आमच्या बंड्याचं सांगते. तो ट्रेमध्ये जाऊन बसायचा, उठायचा, दोन मिनिटांनी परत बसायचा. आम्हाला वाटलं पोट साफ होत नाहीये. मी शहाणी, त्याला चमचाभर तूप चाटवलं. मग तो ट्रे सोडून बाथरूमच्या थंड लादीवर बसायला लागला. तिथे एक-दोन थेंब, किंचित गुलाबी. आई म्हणाली, बाई फरशी पुसताना कुंकू सांडलं असेल. रविवार होता, म्हटलं उद्या नेऊ. संध्याकाळी त्याने दोनदा उलटी केली आणि पलंगाखाली जाऊन असा काही आवाज काढला की अजून कानात आहे.

लघवी पूर्ण तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, खडे किंवा चिकट गाळ अडकला की बूच बसल्यासारखं होतं. मग मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस तिथेच ठेवला. घरी आला तरी महिनाभर ट्रेकडे फिरकेना. डॉक्टर म्हणाले, त्याच्या डोक्यात ट्रे म्हणजे दुखणं हेच बसलंय. शेवटी वेगळ्या रंगाचा, वेगळ्या आकाराचा नवा ट्रे आणून वेगळ्या खोलीत ठेवला. तिथे गेला. आता कोरडं खाणं जवळजवळ बंद, ओल्या खाण्यातही वरून पाणी घालते, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी.

गुंड्या थोडी थोडी करतोय की भरपूर, ते नीट बघा. अजिबात होत नसेल तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा.

छत्रपती संभाजीनगरहून

एक प्रश्न. बसून करतो की उभ्याने? आमचा सोन्या फ्रिजला पाठ करून उभा राहायचा, शेपटी ताठ, तिचं टोक थरथरायचं आणि मागे भिंतीवर फवारा. ती शू नव्हे, ती हद्दीची पाटी. खिडकीबाहेर एक पिवळा बोका येऊन बसायचा, त्याला दिलेलं उत्तर. नसबंदीनंतर महिनाभरात थांबलं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागदही लावला, पिवळा दिसेना म्हणून.

धागाकर्ती

बसून करतो, आणि बऱ्यापैकी करतो. डोंबिवलीच्या ताईंचं वाचून पाय लटपटले. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

साताऱ्याहून

आमच्या मनीने थेट तुळस गाठली. गॅलरीतल्या कुंडीत रोज सकाळी, आजीची पूजा व्हायच्या आत. आजीने पाणी घालायला तांब्या उचलला की माती उकरलेली. पहिल्या दिवशी आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मनीला उद्देशून जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यात मनीच्या आईचाही उल्लेख होता.

झालं होतं असं, की मी नवीन लिटर आणलं होतं, लॅव्हेंडरच्या वासाचं. मला वाटलं, व्वा, घर दरवळेल. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, तिला तो ट्रे म्हणजे अत्तराची बाटली फुटलेली मोरी वाटत असणार. तिला बारीक, बिनवासाचं, उकरायला मऊ असं काहीतरी हवं होतं आणि तुळशीच्या मातीत ते सगळं होतं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून घमेलंभर रेती मागून आणली, धुतली, गच्चीवर वाळवली, चाळली आणि त्याच घमेल्यात तीन बोटं जाडीचा थर दिला. त्याच दिवशी मनी त्यात. कुंडीतल्या मातीवर नदीतले गोटे रचले. मग हळूहळू रेतीत साधं बिनवासाचं लिटर मिसळत गेलो. घमेलं मात्र तेच आहे. दुकानातले ट्रे लहान पडतात, मांजराला आत गोल फिरता आलं पाहिजे.

गाठी उचलायला स्वयंपाकघरातला जुना झारा वापरतो. आजीला अजून वाटतं तो हरवला.

पुण्याहून

सफाईबद्दल कोणीच लिहिलं नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लागेल.

फिनेल बंद करा, आजच. काळं फिनेल, पांढरं फिनेल, जंतुनाशक द्रावण, सगळं. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अगदी दुबळी असते. मांजर पुसलेल्या लादीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि ते पोटात जातं. घरकामाच्या बाईंना हे समजावताना माझे दोन महिने गेले, कारण वास आला नाही तर त्यांच्या मते फरशी पुसलीच नाही. ब्लीचही नको, मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतो.

दुसरं म्हणजे, साबणाने धुतल्यावर आपल्याला वास येत नाही, तिला येतो. मूत्रातलं युरिक आम्ल स्फटिकांच्या रूपात धाग्यांत अडकून राहतं, पाण्यात फारसं विरघळत नाही. हवा दमट झाली की वास परत. आमच्या सोफ्याचा वास उन्हाळाभर गायब होता, जूनच्या पहिल्या सरीला पुन्हा हजर! आणि जिथे वास तिथे पुन्हा शू. यावर एन्झाइमवालं क्लीनर लागतं. ते पुसून घ्यायचं नाही, शू जितकी खोल गेली असेल तितकं खोल मुरेल इतकं ओतायचं, रात्रभर ओलं ठेवायचं, मग उन्हात. डाग सापडत नसेल तर अतिनील टॉर्च घ्या आणि अंधारात फिरवा, मूत्र चमकतं. मी पहिल्यांदा फिरवला तेव्हा सोफ्यामागची भिंत पाहून खाली बसले.

गोधडी वाचेल, पातळ असते. कापसाची गादी वाचत नाही. मी पिंजाऱ्याकडे नेली, त्याने वास घेतला आणि परत दिली.

नाशिकहून, तीन मांजरं

नियम असा सांगतात की जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. म्हणजे आमच्या वन बीएचकेत चार! मी चारही बाथरूममध्ये ओळीत लावले आणि स्वतःवर खूश झालो. तरी चिंगी पलंगावरच. मग एका रविवारी मी काही न करता नुसता खुर्चीत बसून राहिलो. चिंगी बाथरूमकडे निघाली की खंड्या दारात येऊन आडवा पडायचा. मारत नव्हता, गुरगुरतही नव्हता, नुसता पडायचा. चिंगी त्याच्याकडे बघायची आणि उलट फिरायची. एका दाराआडचे चार ट्रे म्हणजे मांजराच्या हिशेबी एकच ट्रे. दोन हॉलच्या दोन टोकांना हलवले, एक पलंगाच्या पायथ्याशी. पाहुणे आले की आम्ही त्यावर स्टूल ठेवतो. पलंग दोन महिने कोरडा.

ठाण्याहून

माझं वय ७१, आमच्या बायोचं १५. आम्ही दोघंही गेल्या वर्षी राजापूरकडचं घर बंद करून मुलाकडे आलो. गावी बायोला ट्रे माहीतच नव्हता. ती परसात जायची, पावसाळ्यात चुलीतल्या गार राखेत, आणि आमची ही सकाळी कपाळाला हात लावून राख काढायची. इथे आल्यावर ट्रे शिकली, दोन दिवसांत. मग सहा महिन्यांनी ट्रेच्या अगदी शेजारी करू लागली. शेजारी म्हणजे चार बोटांवर. सून म्हणाली, बाबा, हिला दिसत नाही. दिसत होतं. ट्रेची कड वीतभर उंच होती आणि तिचे मागचे पाय आता माझ्या गुडघ्यांसारखे. मुलाने एका बाजूची कड कापून खाली आणली, धारेवर चिकटपट्टी लावली. जाते आता. पाणी फार पिते म्हणून रक्त तपासलं, तर मूत्रपिंडंही थकली आहेत. त्यामुळे शू जास्त, म्हणून ट्रे दिवसातून तीनदा साफ करतो. ते काम माझ्याकडे आहे.

बाई, तुम्ही लिहिलंत की ट्रे गॅलरीत आहे आणि रंगकाम चालू आहे. परांची तुमच्या गॅलरीसमोरच आहे का?

न्यू जर्सीहून

इथे घरभर गालिचा, त्यामुळे माझ्या अनामत रकमेचं काय होणार ते देव जाणे. आमचं कारण पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं, कळायला पाच महिने लागले. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी होता. आमची मांजर आत बसलेली असताना एकदा मशीनने पिळायला सुरुवात केली. संपलं. ट्रे जिन्याखाली हलवला.

नागपूरहून

सगळ्यांचे सुखान्त वाचून बरं वाटलं, पण आमचा नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, चार प्रकारचं लिटर झालं, ट्रे सगळीकडे ठेवून झाले. दीड वर्षानंतरही महिन्यातून दोनदा पिंटी गादीवर करते. आम्ही गादीवर मेणकापड अंथरतो, त्यावर चादर. पाहुण्यांना पलंग देत नाही. पिंटी इथेच राहणार.

धागाकर्ती

ठाण्याच्या काकांना माझा नमस्कार सांगा कोणीतरी, ते स्वतःच वाचत असतील तर थेटच.

लघवी तपासली. जंतू नाहीत, खडे नाहीत, थोडं रक्त आहे. मूत्राशयाला सूज. मांजरांना ताणाने असं होतं, डॉक्टर म्हणाले. मऊ कापडावर का जातो तेही कळलं, दुखत असलं की मऊ जागा बरी वाटते. मग त्यांनी विचारलं, "महिन्याभरात घरात काय बदललं?" मी म्हटलं, काहीच नाही. घरी येऊन काकांचा प्रश्न वाचला आणि गॅलरीचं दार उघडलं. ट्रेपासून तीन फुटांवर, ग्रिलच्या पलीकडे, बांबूवर एक माणूस उभा होता आणि पत्र्याने भिंत खरवडत होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी रोज ट्रेवरची धूळ झटकत होते आणि ती कुठून येते ते वर मान करून बघितलं नव्हतं.

वेदनाशामक पाच दिवस दिलं (डॉक्टरांनी लिहून दिलेलं. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, हे त्यांनी दोनदा बजावलं). ओलं खाणं सुरू केलं. गोधडी एन्झाइममध्ये भिजवून दोन दिवस उन्हात घातली, सासूबाईंनी चारही कोपरे हुंगून पास केली. ट्रे आत आणला. पॅसेजमध्ये एकच जागा रिकामी होती, देवघराच्या समोर. आज तेरावा दिवस, सगळं ट्रेमध्येच.

रंगकाम डिसेंबरपर्यंत चालेल म्हणतात. सासूबाई ट्रेच्या जागेबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. पूजेला बसताना फक्त देवघराचा पडदा पाठीमागून ओढून घेतात.