मदत हवी आहे: पीट हॅमवर पाऊण तासाचं श्रवणसत्र, गाणी कुठल्या क्रमाने लावू?

सुरपेटी:
पुण्यात आमच्या गटासाठी बॅडफिंगर या ब्रिटिश रॉक बॅंडच्या पीट हॅमवर सत्र ठरवलंय. वेळ ४५ मिनिटं. ऐकणाऱ्यांना 'विदाउट यू' हॅरी निल्सन किंवा मराया कॅरीचं म्हणूनच माहीत. सुरुवात कुठून करू? स्ट्रीमिंगवर एकाच गाण्याच्या चार-चार प्रती दिसतात, खरी कुठली? शेवटी दोन गिटारांवर बीटल्सचं 'हिअर कम्स द सन' वाजवायचा विचार आहे.

तबकडी:
'कम अँड गेट इट'ने सुरू करू नका. बॅडफिंगरचं पहिलं गाजलेलं गाणं तेच, पण ते बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं, त्यात हॅमची रचना नाही. 'नो डाइस' (१९७०) हा अल्बम घ्या. पहिल्या बाजूची शेवटची दोन गाणी 'नो मॅटर व्हॉट' आणि 'विदाउट यू', तीच सलग लावा. पहिलं एकट्या हॅमचं. दुसऱ्यात अंतरा हॅमचा, धृपद बॅंडमधल्याच टॉम इव्हान्सचं. दोघांकडची दोन अर्धवट गाणी जोडलीत. सांधा कुठे आहे ते एकदा सांगितलं की लगेच ऐकू येतो. मग निल्सनचं लावा. बॅडफिंगरचं साडेचार मिनिटांच्या वर जातं, निल्सनचं साधारण सव्वातीन. पियानोवर उभं केलेलं ते रूप अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. मरायाचं हवं तर अर्धा मिनिट पुरे.

'नो डाइस'ची मूळ, अॅपल कंपनीची एलपी मिळाली तर: सबंध सफरचंदाचं लेबल म्हणजे पहिली बाजू, कापलेलं म्हणजे दुसरी. अंधाऱ्या खोलीत उपयोगी पडतं.

सुरपेटी:
आणि 'डे आफ्टर डे', 'बेबी ब्लू'?

तबकडी:
दोन्ही 'स्ट्रेट अप' या अल्बममधली. 'डे आफ्टर डे'चा निर्माता बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, स्लाइड गिटार हॅरिसन आणि हॅम दोघांची, पियानो लिऑन रसेलचा. 'बेबी ब्लू'चा निर्माता टॉड रंडग्रेन. याच्या अमेरिकन सिंगलच्या मिश्रणात सुरुवातीलाच स्नेअर ड्रमवर ठळक प्रतिध्वनी आहे, अल्बममध्ये नाही. तुमच्या चार प्रतींतला एक फरक हाच. सत्राला अल्बमचीच लावा.

दोन सापळे. 'डे आफ्टर डे' नावाचा एक लाइव्ह अल्बम १९९० साली निघाला. वाजवणं १९७४ मधलं, पण नंतर त्यावर भर घातलेली आहे. आणि 'विश यू वर हिअर' शोधलंत तर आधी पिंक फ्लॉइड येणार, त्यामुळे बॅंडचं नाव जोडून शोधा. बॅडफिंगरचा तो अल्बम १९७४ चा, म्हणजे फ्लॉइडच्या आधीचा. आगाऊ रकमेच्या हिशेबावरून वॉर्नर या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रकाशन विभागाने दावा लावला आणि काही आठवड्यांतच तो बाजारातून उचलला गेला.

ब्रिजखालचा:
गिटारबद्दल. 'हिअर कम्स द सन'च्या मूळ गाण्यात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) सातव्या पट्टीवर (फ्रेटवर), बोटं डी च्या आकारात, ऐकू येतं ए. दोघांनी तेच वाजवलं तर आवाज पातळ येतो. दुसऱ्याने कॅपो दुसऱ्या पट्टीवर लावून जी चे आकार धरावेत. कॅपो पट्टीला अगदी चिकटून मागे लावा, आणि लावल्यानंतर पुन्हा स्वर जुळवा. सातव्यावर तारा हमखास चढतात आणि दोन गिटारी एकत्र वाजल्या की ते फार खुपतं.

हे गाणं हॅरिसन आणि हॅमने १ ऑगस्ट १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन अकूस्टिक गिटारांवर वाजवलं. बांगलादेशासाठीच्या त्याच कार्यक्रमाची सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी केली होती. पुण्यात हा धागा आधी सांगा, लोक सावरून बसतील.

तबकडी:
मृत्यूबद्दल दोन वाक्यं बास. पैशांचे व्यवहार व्यवस्थापकाच्या हाती अडकले आणि २४ एप्रिल १९७५ ला हॅमने आयुष्य संपवलं. अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. '२७ व्या वर्षी गेलेले' ही यादी कृपया काढू नका, उरलेला वेळ तीच खाते. त्याऐवजी हॅमच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'सेव्हन पार्क अॅव्हेन्यू' (१९९७) या अल्बममधला एखादा घरगुती डेमो लावा. लंडनच्या गोल्डर्स ग्रीनमधल्या ज्या घरात बॅंड राहायचा, त्याचाच हा पत्ता.

सुरपेटी:
झकास. हॅम मूळचा वेल्सचा, तो संदर्भ कुठे घालू?

ब्रिजखालचा:
'ब्लॉडविन'पाशी. वेल्श बाईचं नाव, गाणं हॅमचं, 'नो डाइस'ची दुसरी बाजू त्यानेच सुरू होते. बॅंडचं आधीचं नाव 'द आयव्हीज', वेल्समधल्या स्वॉन्झी स्टेशनलगतच्या आयव्ही प्लेसवरून. हॅमच्या स्मरणार्थ निळी पाटी लागली तीही तिथेच, २७ एप्रिल २०१३ ला.