मदत हवी आहे: बॅकअप होतो, तरी 'फसला' म्हणून मेल! ही कंडिशन सुटसुटीत कशी लिहू?

वैतागलेला_अ‍ॅडमिन: सोडून गेलेल्या माणसाची बॅकअपची शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) माझ्या गळ्यात पडलीय. सगळ्या अटी एकाच लांबलचक ओळीत. बॅकअप नीट होतो, तरी रोज रात्री 'बॅकअप फसला' अशी मेल येते. वाचता येईल असं कसं लिहू? उद्या साहेबांना दाखवायचंय.

टर्मिनलराव: ओळ कुठाय? शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, कुठला?

वैतागलेला_अ‍ॅडमिन: नेहमीचाच. उबुंटू.

टर्मिनलराव: नेहमीचा असं काही नसतं. उबुंटूत ६.१० पासून 'एसएच' हा शेल म्हणजे डॅश, बॅश नव्हे; दोन्ही वेगळे शेल. स्क्रिप्टची पहिली ओळ काय? कुठला शेल चालवायचा ते तिथे लिहिलेलं असतं.

पायथॉनप्रेमी: हे पायथॉनमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

शेंगदाणा: क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) पहिला आकडा मिनिटांचा असतो, दुसरा तासाचा. तपासा.

वैतागलेला_अ‍ॅडमिन: वेळ बरोबर आहे हो! ओळ साधारण अशी: फोल्डर आहे && टार कर (फाइलींचा एक गठ्ठा बांध) && जुन्या फाइली उडव || मेल पाठव

निवांतकाका: मग बरोबरच आहे. हे इफ-एल्स (जर-नाहीतर) नव्हे. && म्हणजे आधीचं जमलं तरच पुढचं. आधीचं काहीही फसलं की || नंतरचं चालतं. उडवायला जुनी फाइल नसली की आरएम (फाइल उडवणारी कमांड) नापास, आणि मेल सुटते. सरळ 'इफ टार… देन… एल्स… फाय' अशा ओळी पाडा, साफसफाई त्याच्या खाली वेगळी. इफला कमांड लागते, कंस नव्हे. [ हीसुद्धा कमांडच, म्हणून तिच्यानंतर मोकळी जागा सोडावी लागते.

बॅशभक्त: [ ऐवजी बॅशचं [[ ]] वापरा. अवतरणचिन्हांची कटकट नाही.

टर्मिनलराव: डॅशला [[ कळत नाही. पहिली ओळ अजून सांगितली नाहीये त्यांनी.

बॅशभक्त: मग पहिल्या ओळीत बॅश लिहा की! डॅशचं कौतुक पुरे.

वैतागलेला_अ‍ॅडमिन: काका, इफ लावलं, हाताने चालवून पाहिलं. आता टार संपताना निकाल म्हणून ० (यशस्वी) ऐवजी कधीकधी १ देतो, फाइल मात्र तयार होते.

निवांतकाका: वाचत असताना फाइल बदलली की जीएनयू टार १ देतो. खरा घोळ असेल तर २. म्हणजे इफ पुरणार नाही, केस (प्रत्येक आकड्याला वेगळी कृती) लावा: ० ला गप्प, १ ला लॉगमध्ये नोंद, बाकी सगळ्याला मेल. टारनंतर लगेच $? (शेवटच्या कमांडच्या निकालाचा आकडा) एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. मध्ये एक इको (मजकूर छापणारी कमांड) जरी आला तरी टारचा आकडा पुसला जातो.

पायथॉनप्रेमी: बघा, म्हणून म्हणत होतो.

शेंगदाणा: मेल कशाने पाठवता? आमच्या सर्व्हरवरून जातच नाही.