२०२८ ची काल्पनिक तिकिटं: कोण कुठली राज्यं काढेल?

नकाशावेडा:

नमस्कार मंडळी. अमेरिकेची २०२८ ची निवडणूक अजून लांब आहे हे मान्य, पण घटनेच्या २२ व्या दुरुस्तीमुळे (राष्ट्राध्यक्ष दोनदाच निवडून येतो) ट्रम्प परत निवडून येऊ शकत नाहीत आणि दोन्ही पक्षांत वरची जागा मोकळी होतेय, त्यामुळे नकाशा घेऊन बसायला याहून चांगली वेळ नाही. तिकीट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची जोडी. रिपब्लिकनांकडून मी व्हान्स-रुबिओ धरलेत, त्यावर फार वाद नसावा. डेमोक्रॅटांकडून मात्र डोक्यात चार जोड्या फिरतायत: शापिरो (पेन्सिल्व्हेनिया)-गॅलेगो (ॲरिझोना), व्हिटमर (मिशिगन)-बुटिजेज (बायडनचा माजी मंत्री), न्यूसम (कॅलिफोर्निया)-वॉर्नॉक (जॉर्जिया) आणि माझी सगळ्यात आवडती बशीअर (केंटकी)-ऑसॉफ (जॉर्जिया).

आधी हिशोब. २०३० ची जनगणना व्हायचीय म्हणून २०२८ ला इलेक्टोरल मतांची वाटणी २०२४ सारखीच राहणार, एकूण ५३८ आणि जिंकायला २७०. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात. २०२४ ला हॅरिसना २२६ मिळाली ती डेमोक्रॅटांची हक्काची धरली. ट्रम्पच्या ३१२ मधून सात स्विंग स्टेट्सची (कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारी राज्यं) ९३ वजा केली की रिपब्लिकनांची हक्काची २१९ उरतात. ती सात म्हणजे पेन्सिल्व्हेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना प्रत्येकी १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६.

आता प्रश्न असा की तिकिटावरच्या माणसाचं घरचं राज्य खरंच हलतं का? बशीअर दोनदा केंटकीचा गव्हर्नर झालाय मग केंटकी स्पर्धेत येतं का, आणि शापिरो असेल तर पेन्सिल्व्हेनिया खात्यात टाकूनच पुढे जायचं का? मला तर वाटतं टाकायचं, २०२२ ला त्याने गव्हर्नरची निवडणूक जवळपास १५ टक्क्यांनी मारली होती. तुमचे नकाशे टाका, पण राज्य धरून बोला, नुसतं अमका येणार तमका पडणार नको.

चौकस:

केंटकी विसरा. बशीअर माणूस चांगला आहे, २०२३ ला तो ५ टक्क्यांनी निवडून आला हेही खरं, पण पुढच्याच वर्षी त्याच केंटकीत ट्रम्प ३० टक्क्यांनी पुढे होते. तेच मतदार, मध्ये फक्त एक वर्ष. लोक गव्हर्नर निवडताना रस्ते, शाळा, पुरात धावून आला का नाही हे बघतात, आणि वॉशिंग्टनला कोणाला पाठवायचं म्हटलं की पक्ष बघतात. याची उदाहरणं ढिगाने आहेत. टेनेसीत फिल ब्रेडेसन २००६ ला गव्हर्नर म्हणून सगळ्या ९५ काउंट्या (राज्यातले जिल्हे) जिंकला होता, ९५ च्या ९५, आणि २०१८ ला सिनेटला उभा राहिला तर १० टक्क्यांहून जास्त फरकाने पडला. मोंटानात स्टीव्ह बुलक दोन टर्म गव्हर्नर, २०२० ला सिनेटला पडला. रिपब्लिकनांच्या बाजूने मेरीलँडचा लॅरी होगन, तोही दोन टर्म, प्रचंड लोकप्रिय, २०२४ ला सिनेट हरला. होगनने ट्रम्पपेक्षा कितीतरी जास्त मतं खेचली आणि तरी पुरली नाहीत.

शापिरोच्या त्या १५ टक्क्यांचंही तसंच आहे, समोर मॅस्ट्रियानो होता हे विसरू नका, इतका टोकाचा उमेदवार की त्याच्याच पक्षातले लोक लांब उभे होते. त्यामुळे पेन्सिल्व्हेनिया खात्यात टाकून पुढे जाऊ नका.

आणि रनिंग मेटचं, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं विचाराल तर इतिहास आणखीनच कोरडा आहे. २००४ ला केरीने नॉर्थ कॅरोलायनाचा एडवर्ड्स घेतला, नॉर्थ कॅरोलायना गेलं. २०१२ ला रॉमनीने विस्कॉन्सिनचा पॉल रायन घेतला, विस्कॉन्सिन गेलं. २०२४ ला हॅरिसनी मिनेसोटाचा वॉल्झ घेतला, मिनेसोटा राहिलं पण २०२० ला ७ टक्क्यांची आघाडी होती ती ४ वर आली, आणि ज्या मँकेटो गावात तो शाळेत शिकवायचा, फुटबॉल टीमचा कोच होता, ती ब्लू अर्थ काउंटी ट्रम्पकडे गेली. २००० ला तर अल गोर स्वतः वरच्या नावाला होता, टेनेसीचा, आणि टेनेसी हरला. तेवढं एक राज्य आलं असतं तर फ्लोरिडाच्या फेरमोजणीचा सगळा तमाशा झालाच नसता.

मिशिगनकर:

चौकस, उदाहरणं सगळी बरोबर आहेत पण निष्कर्ष पटत नाही. केंटकी ३० टक्क्यांचं राज्य आहे, ते कोणीच हलवू शकत नाही. आपण बोलतोय ती राज्यं एक-दोन टक्क्यांची आहेत. २०२४ ला विस्कॉन्सिन साधारण २९ हजार मतांनी गेलं, मिशिगन ८० हजारांनी, पेन्सिल्व्हेनिया १ लाख २० हजारांनी. तिन्ही मिळून सव्वादोन लाखांच्या थोडं वर, आणि तेवढ्यावर देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरला. २०१६ ला तर याच तीन राज्यांत मिळून ७८ हजारसुद्धा नव्हती. इथे घरच्या माणसाने पाऊण टक्का जरी ओढला तरी खूप झालं.

मी डेट्रॉइटजवळ राहतो, त्यामुळे मिशिगनचं थोडं सांगतो. २०२४ ला आमच्याकडे ट्रम्प आले आणि त्याच बॅलटवर सिनेटला डेमोक्रॅट स्लॉटकिन जेमतेम १९ हजारांनी आली. म्हणजे वर ट्रम्प आणि खाली डेमोक्रॅट असं मत देणारे, किंवा वरचा रकाना भरून खालचे कोरे सोडणारे लोक आहेत आणि तेच निकाल ठरवतात. आमच्या बॅलटवर अख्ख्या पक्षाला एकच खूण करायची सोय असूनही हे होतं. आणि राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्ष दोघांची नावं एकाच गोळ्यापुढे छापलेली असतात, मला वरचा आवडतो आणि खालचा नको असं करता येत नाही. म्हणून खालच्या नावाने एखादं राज्य जिंकून दिलं नाही तरी चालेल, पण कुणाला तो गोळा भरण्यापासून अडवता कामा नये.

यावर डिअरबॉर्न बघा. अरब-अमेरिकन वस्तीचं शहर, २०२० ला बायडनना तिथे भरभरून मतं पडली आणि २०२४ ला गाझामुळे ट्रम्प पहिले, हॅरिस दुसऱ्या, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनलाही चांगली मतं. शापिरो वर असेल तर त्याच्या इस्राएलबद्दलच्या भूमिकेवर तिथे पहिल्या दिवसापासून प्रश्न येणार. माझं मत, शापिरो पेन्सिल्व्हेनियात जे कमावेल त्यातलं काही मिशिगनमध्ये गमावेल. म्हणून माझी पसंती व्हिटमर. २०२२ ला ती साडेदहा टक्क्यांनी आली आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्येही तिची भाषा चालते.

बाराखडी:

व्हिटमर-बुटिजेजला एक मोठी अडचण आहे, अजून कोणी काढली नाही म्हणून लिहितो. बुटिजेज आता इंडियानाचा राहिलेला नाही, तो मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीला राहतो. घटनेच्या १२ व्या दुरुस्तीप्रमाणे इलेक्टरांनी (राज्यातर्फे ती इलेक्टोरल मतं प्रत्यक्ष देणारी माणसं) दोन मतं देताना निदान एक माणूस आपल्या राज्याबाहेरचा असला पाहिजे. म्हणजे दोघंही मिशिगनचे असले तर मिशिगनच्या १५ इलेक्टरांना त्यांच्यापैकी एकालाच मत देता येईल. पेन्सिल्व्हेनिया-मिशिगन-विस्कॉन्सिन जिंकून व्हिटमर २७० वर राष्ट्राध्यक्ष होईल आणि बुटिजेज २५५ वर लटकेल, आणि मग उपाध्यक्ष सिनेट निवडणार. हे एकदा झालंय, १८३७ मध्ये, व्हर्जिनियाच्या इलेक्टरांनी रिचर्ड जॉन्सनला मत द्यायला नकार दिला आणि त्याला सिनेटने उपाध्यक्ष केलं.

यातून वाट आहे, पत्ता बदलायचा. २००० ला बुश आणि चेनी दोघंही टेक्सासचे होते, चेनीने जुलैमध्ये जाऊन मतदार नोंदणी वायोमिंगला केली. बुश २७१ वर जिंकले आणि टेक्सासची ३२ होती, त्यामुळे ती नोंदणी केली नसती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा. २०२४ ला रुबिओचं नाव ट्रम्पबरोबर चालू होतं तेव्हाही फ्लोरिडाची ३० मतं हाच मुद्दा निघाला होता. व्हान्स ओहायोचा, रुबिओ फ्लोरिडाचा, त्यामुळे नकाशावेडांच्या तिकिटाला ही भानगड नाही.

सह्याद्री_वारा:

मिशिगनचं चाललंच आहे तर विचारतो, आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार तिथले खासदार आहेत ना, ते कोणाच्या तिकिटावर उपाध्यक्ष म्हणून नाही का चालणार? मराठी माणूस आहे, आनंद होईल.

बाराखडी:

आनंद मलाही होईल, पण घटनेने दार बंद आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने अमेरिकन नागरिक असावं लागतं, आणि जो राष्ट्राध्यक्ष व्हायला पात्र नाही तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही, हेही १२ व्या दुरुस्तीतच आहे. ठाणेदारांचा जन्म चिकोडीचा. २०१८ ला ते गव्हर्नरच्या प्रायमरीत (पक्षातला उमेदवार ठरवणारी निवडणूक) व्हिटमरविरुद्ध उभे होते, ते पद चालतं, हे नाही.

वाळवंटातली_वाट:

सगळे पेन्सिल्व्हेनिया-मिशिगन-विस्कॉन्सिनवरच का अडकलेत? डेमोक्रॅटांना ती तीन नसली तरी रस्ता आहे. २२६ मध्ये जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा मिळवा, २७५ होतात. कठीण आहे मान्य, पण तिथले मतदार डेमोक्रॅटांना मत द्यायला तयार आहेत हे २०२४ नेच दाखवलंय. ट्रम्प ॲरिझोनात साडेपाच टक्क्यांनी पुढे असताना त्याच दिवशी गॅलेगो सिनेटला निवडून आला. नेवाडात डेमोक्रॅट रोझन आली. नॉर्थ कॅरोलायनात ट्रम्प ३ टक्क्यांनी आले आणि गव्हर्नर म्हणून जॉश स्टाइन जवळपास १५ टक्क्यांनी, जरी समोरचा मार्क रॉबिन्सन स्वतःच्या कर्माने बुडाला होता. म्हणून मी गॅलेगोला खाली नाही, वर धरतो, आणि त्याच्याबरोबर ऑसॉफ किंवा वॉर्नॉक.

कारण डेमोक्रॅटांचा खरा घाव लॅटिनो मतांवर बसलाय. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी घ्या, जवळपास सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. २०१६ ला हिलरी तिथे ६० टक्क्यांनी पुढे होती, २०२४ ला तिथे ट्रम्प जिंकले, शंभराहून जास्त वर्षांनी पहिला रिपब्लिकन. आठ वर्षांत एवढं! हे लोक किराण्याच्या बिलाबद्दल बोलत होते आणि पक्ष त्यांच्याशी दुसऱ्याच विषयांवर बोलत होता, याचा मला अजून राग येतो. गॅलेगो माजी मरीन आहे, एकट्या आईने वाढवलेला आहे, आणि तो पगार, घर, गाडी याबद्दल बोलतो. टेक्सास येणार नाही, ते १४ टक्क्यांचं आहे, पण ॲरिझोना-नेवाडात फरक पडेल.

आणि २०३२ पासून ही सवय लागलीच पाहिजे. पुढच्या जनगणनेत टेक्सास-फ्लोरिडाची मतं वाढणार आणि कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कची घटणार असेच सगळे अंदाज आहेत, त्यानंतर ती तीन राज्यं जिंकूनही २७० होणार नाहीत.

चौकस:

हे पटलं. उलट बाजूही मांडतो. व्हान्सला २१९ वर जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना आणि पेन्सिल्व्हेनिया मिळालं की बरोबर २७०, बाकी चार हरला तरी चालेल. पण पेन्सिल्व्हेनिया हुकलं तर दक्षिणेची चारही घेऊन तो २६८ वर थांबतो. म्हणून मी व्हान्सबद्दल एकच प्रश्न विचारतो, ट्रम्पला मत द्यायला घराबाहेर पडणारा पेन्सिल्व्हेनियाच्या ईरी काउंटीतला माणूस व्हान्ससाठी पडेल का? ईरीने ओबामाला मत दिलं, मग ट्रम्प, मग बायडन, परत ट्रम्प. आणि व्हान्सची स्वतःची ताकद एकदाच मोजली गेलीय, २०२२ ला ओहायोत. तो ६ टक्क्यांनी आला, त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर डिवाइन २५ टक्क्यांनी. हा फरक लहान नाही.

नकाशावेडा:

मस्त चर्चा, सगळ्यांचे आभार. बशीअर-ऑसॉफ मी बाजूला ठेवतोय, केंटकी नाही तर त्या जोडीतून जॉर्जियाशिवाय वेगळं काही हाती लागत नाही. व्हिटमर-बुटिजेज बाराखडींनी संपवलं. न्यूसम-वॉर्नॉकवर कोणीच बोललं नाही, आणि मलाही विस्कॉन्सिनच्या गावांत कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर चालेल असं वाटत नाही.

शापिरो-गॅलेगोचा माझा नकाशा असा: पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, काठावर मिशिगन, आणि ॲरिझोना, एकूण २८१. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, नेवाडा व्हान्सकडे. ॲरिझोना मी मुद्दाम घेतोय, कारण त्याशिवाय फक्त २७० होतात आणि त्यातलं एक मत नेब्रास्काच्या ओमाहा मतदारसंघाचं आहे. नेब्रास्का आणि मेन ही दोनच राज्यं मतदारसंघाप्रमाणे मतं वाटतात. सप्टेंबर २०२४ मध्ये नेब्रास्काने नियम बदलायची खटपट केली होती, ४९ जणांच्या सभागृहात ३३ लागत होते, माइक मॅकडॉनेल नावाचा त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकन झालेला सिनेटर नाही म्हणाला आणि विषय तिथेच थांबला. २०२८ च्या आत तो नियम बदलला तर २६९-२६९, आणि मग प्रतिनिधिगृहात प्रत्येक राज्याला एक मत, तिथे कॅलिफोर्निया आणि वायोमिंग सारखेच. डेमोक्रॅटांना त्यात २६ राज्यं मिळणं मला तरी दिसत नाही.

वाळवंटातली_वाट:

ॲरिझोना घेऊन नेवाडा सोडताय हे उलटं आहे. २०२४ ला नेवाडा ३ टक्क्यांनी गेलं आणि ॲरिझोना साडेपाचने. शिवाय २००४ नंतर डेमोक्रॅट नेवाडा हरले ते थेट २०२४ लाच. गॅलेगोमुळे ॲरिझोना येत असेल तर नेवाडा त्याच्या आधी आलेलं असेल, क्लार्क काउंटीतले (लास व्हेगासचे) हॉटेल कामगार काही वेगळे मतदार नाहीत. २८७ करा.

नकाशावेडा:

केलं. २८७.

मिशिगनकर:

मिशिगन काठावर लिहिलंत तिथे पेन्सिलनेच लिहा. शापिरो डिअरबॉर्नला जाऊन तिथल्या लोकांसमोर बसेपर्यंत मी ते कोणाच्याच रंगात रंगवणार नाही, आणि ती १५ काढली तरी तुमचे २७२ राहतात.