नऊ वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवण्याचा अधिकार विश्वस्तांना आहे का?

प्रश्न:
माझ्या भाच्याचे आईवडील ऊसतोडीसाठी दरवर्षी सहा-सहा महिने बाहेर असल्याने त्याची तिसरी अर्धवट राहिली. आता तो नऊ वर्षांचा असून आमच्याकडे राहून शिकणार आहे. येथील अनुदानित शाळेच्या विश्वस्तांनी सांगितले की, आधी चाचणी होईल, वाचन कच्चे असल्यास त्याला दुसरीत बसवू आणि जुन्या शाळेचा दाखला आल्याखेरीज नाव घेणार नाही. त्यांना हा अधिकार आहे का?

उत्तर 1 (निवृत्त मुख्याध्यापक):
नाही. संस्था विश्वस्तांची असली तरी मुलाचा वर्ग त्यांच्या मर्जीने ठरत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 4 नुसार ज्याचे प्राथमिक शिक्षण पूर्ण झालेले नाही अशा मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच, म्हणजे येथे चौथीत, प्रवेश मिळतो आणि राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही त्याला हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे कलम 5 स्पष्ट सांगते.

उत्तर 2:
चाचणीबाबत एक भेद लक्षात घ्यावा. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास कलम 13 मनाई करते आणि त्यासाठी पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेशानंतर मुलाला काय येते हे शिक्षकाने तपासणे मात्र योग्यच, किंबहुना आवश्यक आहे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही ना, हेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार अशा शाळांना हा कायदा लागू नाही.

प्रश्नकर्ता:
शाळा अल्पसंख्याक नाही. मात्र त्याला अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्यामुळे चौथीत तो कोमेजून जाईल, ही भीती मलाही वाटते.

उत्तर 1:
भीती रास्त आहे, पण सात वर्षांच्या मुलांत नऊ वर्षांचा मुलगा बसवला की तो वाचायला शिकण्याआधी शाळा टाळायला शिकतो, हे मी वारंवार पाहिले आहे. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्यात विशेष प्रशिक्षणाची मागणी करा आणि पोच घ्या. तोंडी नकार सहज दिला जातो. लेखी नकार देताना विश्वस्तांनाही कलम शोधावे लागते. तरीही अडवले, तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो.